सुरू होतानाच बंद पडणारा जुना संगणक: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

जुना संगणक सुरू करताना मध्येच निळा पडदा दाखवू लागला, विंडोजचे चिन्ह दिसताच आपोआप रीस्टार्ट होऊ लागला किंवा नुसताच हँग होऊन राहिला, की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. नव्या संगणकाच्या बाबतीत तो कधीकधी लागूही पडतो; पण आठ-दहा वर्षे वापरलेल्या यंत्रात दोष विंडोजमध्येच असेल असे गृहीत धरता येत नाही. हार्ड डिस्क निकामी होत चालली असेल, तर फॉरमॅट मारल्याने तिच्यावरचा डेटाही जातो आणि मूळ दुखणेही तसेच राहते. म्हणून येथे क्रम वेगळा ठेवला आहे. संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडतो ते आधी ठरवायचे, मग डेटा सुरक्षित करायचा, त्यानंतर कॅबिनेट उघडून हार्डवेअर तपासायचे आणि विंडोजच्या दुरुस्तीकडे सर्वांत शेवटी वळायचे.

पहिली पायरी: कोठे थांबतो ते पाहा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक अनेक टप्प्यांतून जातो, आणि प्रत्येक टप्प्यावरचे संशयित वेगळे असतात. प्रथम एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आपले सर्व व्होल्टेज स्थिर करतो आणि ‘वीज ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डला देतो. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकानुसार व्होल्टेज स्थिर झाल्यानंतर १०० ते ५०० मिलिसेकंदांत हा संकेत मिळावा लागतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरूच करत नाही. त्यानंतर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील सुरुवातीचे सॉफ्टवेअर, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि कीबोर्ड यांची प्राथमिक तपासणी करते. मग डिस्कवरील बूटलोडर चालतो, तो विंडोजचा गाभा आणि आवश्यक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मेमरीत आणतो, आणि शेवटी लॉगिन व स्टार्टअपचे प्रोग्रॅम यांची पाळी येते.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर एसएमपीएस, शॉर्ट सर्किट किंवा मदरबोर्ड यांवर संशय घ्यावा. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच येत नाही, तेव्हा रॅम आणि ग्राफिक्स कार्ड आधी पाहावे. कॅबिनेटमध्ये स्पीकर असेल तर बीपचे आवाज मोजावेत. त्यांचा अर्थ बायोस कोणत्या कंपनीचे आहे त्यानुसार बदलतो, उदाहरणार्थ अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष, त्यामुळे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी. विंडोजचे चिन्ह आल्यानंतर बंद पडत असेल, तर डिस्क, ड्रायव्हर, रॅम किंवा उष्णता यांपैकी काहीही असू शकते. लॉगिननंतर बंद पडत असेल, तर एखाद्या स्टार्टअप प्रोग्रॅमचाही विचार करावा लागतो.

याच्याइतकीच मोलाची दुसरी खूण म्हणजे संगणक थंड असताना बिघडतो की गरम झाल्यावर. रात्रभर बंद राहिल्यानंतर सकाळी दोन-तीन वेळा अडखळून मगच सुरू होणारा आणि एकदा सुरू झाला की दिवसभर व्यवस्थित चालणारा संगणक बहुधा थकलेल्या कपॅसिटरकडे (विद्युतभार साठवणाऱ्या भागाकडे) बोट दाखवतो, कारण जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंड अवस्थेत अधिक असतो. याउलट पहिल्यांदा नीट सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडणारा आणि लगेच पुन्हा सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडणारा संगणक उष्णतेने त्रस्त असतो. ही निरीक्षणे कागदावर लिहून ठेवावीत, कारण पुढे दुरुस्ती झाली की नाही हे त्यांच्यावरूनच ठरवायचे आहे.

दुसरी पायरी: डेटा बाहेर काढा

सुरू होताना बंद पडणाऱ्या संगणकात डिस्कचा दोष असण्याची शक्यता मोठी असते, आणि मरू घातलेली डिस्क किती वेळा सुरू होईल याचा भरवसा नसतो. वारंवार सुरू करून पाहण्याचा मोह येथे टाळायला हवा. दुसऱ्या संगणकावर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या कार्यप्रणालीचा लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करावा. रुफस किंवा व्हेंटॉय यांसारख्या मोफत साधनांनी हे काम सहज होते. फार जुना प्रोसेसर ३२ बिटचा असू शकतो आणि बहुतेक प्रचलित लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) ३२ बिटचा पाठिंबा सोडलेला आहे, म्हणून आधी प्रोसेसरचा प्रकार पाहून त्यानुसार वितरण निवडावे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, काहीही इन्स्टॉल न करता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय निवडायचा आणि आवश्यक फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या.

या एका कृतीतून दोन कामे होतात. डेटा तर सुरक्षित होतोच, शिवाय निदानही पुढे सरकते. लिनक्स तासभर न अडखळता चालले, तर प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि डिस्क किंवा विंडोज यांच्यावरचा वाढतो. लिनक्सही तसेच बंद पडले, तर विंडोजला दोष देण्याचे कारण उरत नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फायली कॉपी करताना ती सारखी अडकत असेल, तर फायली एकेक करून काढत बसू नये. डीडीरेस्क्यू हे साधन आधी वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते, त्यामुळे संपूर्ण डिस्कची प्रत घेण्यासाठी ते अधिक योग्य ठरते. डेटा अत्यंत महत्त्वाचा असेल, तर या टप्प्यावर डिस्क बंद करून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यावी.

डेटा हाती आल्यावर डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे ती स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या नोंदी, पाहाव्यात. लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये आणि विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात त्या दिसतात. रीअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागांची संख्या आणि करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेल्या जागांची संख्या. यांपैकी कोणताही आकडा वाढत असेल तर डिस्क बदलणे हाच उपाय आहे. सीआरसी त्रुटींचा (डेटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. चांगली डिस्क टाकून देण्यापूर्वी एवढे पाहावेच.

तिसरी पायरी: कॅबिनेट उघडा

वीज बंद करून वायर सॉकेटमधून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. अंगावरील स्थिर विद्युत घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि काम करताना अधूनमधून पुन्हा लावत राहावा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

आता आतल्या सर्व जोडण्यांचा मोबाइलवर फोटो घ्यावा. धूळ ब्रशने आणि हवेच्या झोताने काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते. साटा आणि विजेच्या केबल काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात.

धूळ झटकतानाच मदरबोर्डवरील कपॅसिटर नीट पाहावेत. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या या लहान नळकांड्यांचे डोके सपाट असायला हवे. ते फुगलेले असेल किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग असेल, तर तो कपॅसिटर निकामी झाला आहे. साधारणपणे २००० ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डांमध्ये सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसवलेले होते आणि ते अकाली फुगले. सोल्डरिंगचा अनुभव असलेला तंत्रज्ञ ते बदलून देऊ शकतो. नवशिक्याने हा प्रयोग आपल्या एकमेव संगणकावर करू नये.

सेल, रॅम, उष्णता आणि वीज

संगणक सुरू होताना तारीख आणि वेळ मागे गेलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ सेल संपला आहे. या क्षुल्लक वाटणाऱ्या सेलमुळे एक विलक्षण फसवा दोष निर्माण होतो. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि त्यात साटा कंट्रोलरचा प्रकार (मदरबोर्ड डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतो ती) एएचसीआयवरून आयडीई किंवा याच्या उलट बदलला, तर विंडोज आपल्याच डिस्कपर्यंत पोहोचू शकत नाही. निळ्या पडद्यावर ७बी ने संपणारा कोड येतो, आणि विंडोज खराब झाले असे समजून लोक ते पुन्हा टाकायला बसतात. प्रत्यक्षात बायोसमध्ये जाऊन तो पर्याय पूर्ववत केला की काम होते. म्हणूनच सेल बदलण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. नवा सेल ३ व्होल्टचा असतो.

रॅमसाठी पद्धत सोपी आहे, पण ती पूर्ण करावी. सर्व पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक स्वच्छ मऊ खोडरबराने हलकेच पुसावे, खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये, आणि मग एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये बसवून संगणक सुरू करावा. प्रत्येक पट्टी याच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासावी, आणि त्यानंतर एक चांगली ठरलेली पट्टी घेऊन प्रत्येक स्लॉट तपासावा. म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळते. यानंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हे रॅम तपासणारे साधन चालवावे. एक पूर्ण फेरी ही किमान अट समजावी, आणि शक्य असल्यास ते रात्रभर चालू द्यावे, कारण काही दोष रॅम तापल्यावरच उघड होतात. निकालाबाबत एकच नियम आहे: एकही त्रुटी खपवून घेऊ नये. हजारो चाचण्यांत एकच त्रुटी आली तरी ती विंडोजची एखादी महत्त्वाची फाइल बिघडवायला पुरेशी असते.

उष्णतेचा संशय असेल, तर बायोसमधील हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचे तापमान पाहावे. काही काम नसतानाही ते मिनिटागणिक चढत जाऊन ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर कूलरचा प्रोसेसरशी संपर्क सुटलेला आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारा लेप) वाळली आहे. पंखा फिरतो म्हणजे कूलर ठीक आहे, हा समज चुकीचा आहे. पंख्याखाली धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो आणि हवा आत जातच नाही. इंटेलच्या एलजीए ७७५ आणि त्यानंतरच्या अनेक सॉकेटवरील मूळ कूलर प्लॅस्टिकच्या चार खिळ्यांवर बसलेला असतो, आणि त्यांपैकी एक जरी सैल झाला तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरचा कूलर काढताना आणखी काळजी घ्यावी, कारण वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जाऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग वीज काढून कूलर किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवावा. सरळ वर ओढू नये.

एसएमपीएस तपासण्यासाठी मल्टिमीटर उपयोगी पडतो. संगणक चालू असताना काळ्या वायरच्या संदर्भाने पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि नारिंगी वायरवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. आकडे या मर्यादेबाहेर गेले तर एसएमपीएस बदलावा. आकडे बरोबर आले म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही: मल्टिमीटर सरासरी दाखवतो, आणि डिस्क व ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी जोर घेतात त्या क्षणी पडणारा खड्डा त्याला दिसत नाही. खात्रीची चाचणी एकच, आणि ती म्हणजे चांगला एसएमपीएस उसना आणून जोडून पाहणे. तो मिळत नसेल, तर डीव्हीडी ड्राइव्ह, जादा डिस्क, वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि यूएसबीची सर्व उपकरणे काढून भार कमी करावा. एवढ्याने संगणक सुरळीत सुरू झाला, तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडाव्यात. एका वेळी एकच बदल करायचा हे पथ्य सगळीकडेच पाळायचे आहे, पण येथे ते मोडले तर सारा दिवस वाया जातो.

चौथी पायरी: विंडोजची दुरुस्ती

हार्डवेअर निर्दोष आढळल्यानंतरच येथे यावे. पहिले काम म्हणजे आपोआप होणारा रीस्टार्ट थांबवणे, कारण त्यामुळे निळा पडदा वाचायला वेळच मिळत नाही. विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत सुरुवातीलाच एफ८ दाबल्यावर येणाऱ्या यादीत त्यासाठीचा पर्याय असतो. विंडोज ८ पासून एफ८ची सोय मुळात बंद ठेवलेली आहे. विंडोज १० मध्ये सुरू होताना सलग काही वेळा वीज तोडली की दुरुस्तीचा पडदा येतो, पण आधीच कमकुवत झालेल्या डिस्कवर असा प्रयोग करणे मला पटत नाही. त्याऐवजी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून सुरू करावे आणि पहिल्या पडद्यावर इन्स्टॉल करण्याऐवजी ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडावे.

निळ्या पडद्यावरील कोड टिपून घ्यावा. ७बी म्हणजे बूट डिस्क सापडत नाही, २४ आणि ईडी म्हणजे डिस्क किंवा तिची फाइल व्यवस्था यांत गडबड, १ए आणि ५० अनेकदा रॅमकडे किंवा एखाद्या ड्रायव्हरकडे निर्देश करतात, तर १२४ हा प्रोसेसर, उष्णता किंवा विजेच्या पुरवठ्याशी संबंधित हार्डवेअर दोष असतो. दरवेळी वेगळाच कोड येत असेल, तर ती रॅम किंवा एसएमपीएसच्या दोषाची ठळक खूण समजावी आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

त्यानंतर सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरांसह विंडोज सुरू करण्याचा प्रकार, वापरून पाहावा. सेफ मोडमध्ये संगणक व्यवस्थित सुरू होतो आणि एरवी होत नाही, असे असेल तर दोष बहुतेक ग्राफिक्स किंवा अन्य ड्रायव्हरमध्ये, अँटिव्हायरसमध्ये किंवा एखाद्या स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये आहे. विंडोजचे चिन्ह जाऊन पडद्याचा आकार बदलतो नेमक्या त्याच क्षणी संगणक अडकत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर आधी काढावा आणि तरीही फरक पडला नाही तर ग्राफिक्स कार्ड काढून मदरबोर्डवरील ग्राफिक्सने सुरू करून पाहावे. विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये सेफ मोड सुरू होताना ड्रायव्हरची यादी सरकताना दिसते आणि ती जेथे थांबते तेथील शेवटचे नाव गुन्हेगार ठरवले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण ते नाव बहुधा यशस्वीपणे लोड झालेल्या फाइलचे असते आणि अडचण त्यानंतरच्या, पडद्यावर न आलेल्या टप्प्यात असते. सेफ मोडसाठी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनामध्ये टिकमार्क करून ठेवण्याची युक्तीही टाळावी. सेफ मोडच चालेनासा झाला, तर त्या चक्रातून बाहेर पडणे नवशिक्याला जड जाते.

दोष अलीकडेच सुरू झाला असेल, तर सिस्टीम रिस्टोरने आधीच्या तारखेला जाणे हा सर्वांत सोपा आणि वैयक्तिक फायलींना धक्का न लावणारा मार्ग आहे. अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर विंडोज १० च्या दुरुस्तीच्या पडद्यावरून शेवटचे अपडेट काढता येते. त्यापुढे स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टीम फाइल चेकर (विंडोजच्या फायली तपासणारे साधन), आणि चेकडिस्क (डिस्कची फाइल व्यवस्था तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) त्यानंतर, असा क्रम ठेवावा. चेकडिस्क नंतर येण्याचे कारण असे की ती डिस्कवर लिहिते आणि खराब डिस्कवर तिच्यामुळे वाचवता येण्यासारख्या फायलीही हातच्या जाऊ शकतात. स्मार्ट नोंदी स्वच्छ असतील आणि बॅकअप घेतलेला असेल तरच ती चालवावी. आणखी एक सावधगिरी: दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी ड्राइव्ह तेथे डी म्हणून दिसतो. कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी त्या ड्राइव्हवर विंडोजचे फोल्डर आहे याची खात्री करावी.

एवढे सारे करूनही उपयोग झाला नाही, तर विंडोज पुन्हा टाकायला हरकत नाही. त्या वेळी जुन्या हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी बसवणे शहाणपणाचे ठरते. जुन्या साटा पोर्टवर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, पण ती चालते आणि फरक जाणवतो. कोणती आवृत्ती टाकायची हे ठरवताना मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला हे ध्यानात घ्यावे. जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नसेल, तर हलके लिनक्स वितरण हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे, आणि दुसऱ्या पायरीत त्याची चाचणी आधीच झालेली असते.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवायचे

एकदा सुरू झाला म्हणजे बरा झाला असे मानू नये. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली निरीक्षणे काढावीत आणि दोष ज्या परिस्थितीत येत होता तीच पुन्हा निर्माण करावी. थंड असताना अडखळणारा संगणक रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करावा, आणि सलग काही दिवस तसे करावे. तापल्यावर बंद पडणारा संगणक तासभर भाराखाली चालवून लगेच रीस्टार्ट करावा. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली तर तिच्यावरून एसएमपीएस दोषी ठरवू नये. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते, आणि तुम्ही स्वतः वायर काढली असेल तरी ती येते. दुरुस्तीच्या तारखेनंतर मात्र अशी नवी नोंद, तुम्ही वीज तोडलेली नसताना, आढळली तर दोष अजून आतच आहे असे समजून जिथे सोडले तेथून तपास पुढे चालू करावा.